विमान जमिनीवर किती वेगाने चालवावं, यावर वैमानिकांचंच एकमत का नसतं?

तुम्ही विचारलंय की मुंबईहून निघताना एखादं विमान धावपट्टीपर्यंत अगदी रांगत जातं आणि दुसरं बससारखं सुसाट निघतं, तर यातला कोणता वैमानिक बरोबर? बहुतेक वेळा दोघेही नियमातच असतात. मतभेद खरे आहेत आणि ते चुकार वैमानिक आणि शिस्तीचे वैमानिक असे सरळ विभागता येत नाहीत. दोन्ही बाजूंना तांत्रिक आधार आहे. मी इथे मुख्यतः एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ या, आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणाऱ्या विमानांबद्दल लिहितोय.

आधी आकडे. जमिनीवरचा वेगही नॉटमध्येच मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ७३७ साठी बोइंगचा सल्ला असा की नेहमीचा टॅक्सी वेग, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर जमिनीवर चालतानाचा वेग, साधारण २० नॉट ठेवावा, लांब सरळ टॅक्सीवेवर, म्हणजे विमानांच्या जमिनीवरच्या रस्त्यावर, ३० पर्यंत चालेल आणि कोरड्या जमिनीवर वळताना १० च्या आसपास यावं. एअरबसही सरळ रस्त्यावर ३० आणि काटकोनी वळणाला १० सांगतं. २०, ३० आणि १० नॉट म्हणजे ताशी साधारण ३७, ५६ आणि १९ किलोमीटर. सगळ्या विमानांना लागू होईल असा एकच आंतरराष्ट्रीय आकडा नाही. निर्मात्याची पुस्तिका, त्यावर कंपनीची एसओपी (कामाची ठरलेली पद्धत) आणि त्यावर कॅप्टनचा निर्णय, अशी उतरंड आहे. कंपन्या उड्डाणाचा नोंदवलेला डेटा तपासतात, त्यात टॅक्सीचा वेगही येतो. मर्यादा ओलांडली तर विचारणा होते.

उतरल्यानंतर विमान धावपट्टीवरून तिरकं आणि बऱ्याच वेगात बाहेर पडतं, ते प्रकरण वेगळं. मोठ्या विमानांसाठीचे ते जलद निकास मार्ग किमान ५५० मीटर त्रिज्येच्या वळणाचे असतात आणि ओल्या जमिनीवरही ताशी ९३ किलोमीटर, म्हणजे ५० नॉट, धरूनच आखलेले असतात. मागून दुसरं विमान उतरत असतं, त्यामुळे तिथे रेंगाळणं हीच चूक ठरते. घोटाळा होतो तो त्यापुढे. उतरतानाच्या १३०-१४० नॉटची सवय झालेल्या डोळ्यांना ४० नॉट म्हणजे थांबल्यासारखंच वाटतं. त्यात कॉकपिट जमिनीपासून उंच, म्हणून वेग आहे त्यापेक्षा कमी भासतो. हवेतला वेग दाखवणारा काटा इतक्या कमी वेगात उपयोगाचा नसतो. म्हणून अंदाजावर न जाता स्क्रीनवरचा ग्राउंड स्पीड वाचावा लागतो, विशेषतः वळणाच्या आधी.

आता वादाचा गाभा: ब्रेक. जेट विमानाचं इंजिन आयडलवर, म्हणजे अगदी कमीत कमी जोरावर, असलं तरी विमान पुढे ढकलतच राहतं. वजन कमी असेल तर आयडलवरच वेग वाढत जातो आणि ब्रेक लावल्याशिवाय तो आवरत नाही. एका गटाचं म्हणणं, १५ नॉटवर सतत हलका ब्रेक दाबत स्थिर चालवा. दुसरा गट म्हणतो, ३० पर्यंत जाऊ द्या, मग एकदाच नीट ब्रेक लावून १० वर आणा, पाय पूर्ण उचला आणि परत वेग चढू द्या. ए३२० ला कार्बनचे ब्रेक असतात, ७३७ लाही २००८ पासून ते मिळतात. कार्बनची झीज मुख्यतः ब्रेक किती वेळा लावला यावर ठरते. कितीही हलका दाबला तरी एक वेळ ती एक वेळच. जुन्या स्टीलच्या ब्रेकचं उलट होतं, तिथे किती ऊर्जा शोषली यावर झीज ठरायची. त्यामुळे स्टीलवर घडलेल्या कॅप्टनचा पाय हलका पण सतत ब्रेकवर, आणि कार्बनवर शिकलेल्याचा क्वचित पण ठाम, असा फरक दिसतो. कार्बनपुरतं बोलायचं तर इथे दुसरा गट बरोबर आहे.

वेग जास्त म्हणजे ब्रेक जास्त तापणार, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. ब्रेकला जी उष्णता गिळावी लागते, ती आयडल थ्रस्टच्या (इंजिनाच्या ढकलशक्तीच्या) जादा ढकलण्यातून येते, आणि तेवढ्याच अंतरात ती बेरीज जवळजवळ तीच राहते, मग तुम्ही ती दोन हप्त्यांत द्या की वीस. हळू जाण्यात थंड व्हायला वेळ जास्त मिळतो, एवढाच फरक. ए३२० वर ब्रेकचं तापमान ३०० अंश सेल्सियसच्या वर असेल तर उड्डाण थांबवावं लागतं. चाकं आत घेतल्यावर हायड्रॉलिक द्रव गळून तापलेल्या ब्रेकवर पडला तर आग लागू शकते, आणि शेवटच्या क्षणी उड्डाण रद्द करावं लागलं तर ब्रेकमध्ये उष्णता पेलायची जागा उरलेली हवी. पाठोपाठच्या छोट्या फेऱ्यांत हा आकडा फार लवकर जवळ येतो.

उष्णता खरोखर कमी करायची तर एकाच इंजिनावर टॅक्सी करणं हा मार्ग आहे. त्यात इंधनही वाचतं. दोन्ही इंजिनं चालू असताना ए३२० जमिनीवर मिनिटाला साधारण १० ते १२ किलो इंधन पितं. पण ढकल एकाच बाजूने येते, म्हणून चालू इंजिनाच्या दिशेने घट्ट वळणं जड जातं. उभ्या विमानाला हलवायला थ्रस्ट जास्त द्यावा लागतो आणि मागे उभ्या माणसांवर, गाड्यांवर झोत जातो. शिवाय दुसरं इंजिन वाटेतच सुरू करावं लागतं, तेव्हा फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची, नजर खिडकीबाहेरून आत येते. या शेवटच्या गोष्टीला मी वेगापेक्षा जास्त घाबरतो.

जोरात जाऊन मिळतं काय, तेही पाहा. दोन किलोमीटरच्या टॅक्सीला २० नॉटने १९४ सेकंद लागतात, ३० नॉटने १३०. वाचलं एक मिनिट. मुंबईत धावपट्टीच्या तोंडाशी रांग असेल तर ते मिनिटही ब्रेक दाबून उभं राहण्यातच जातं.

त्याच्या बदल्यात थांबायचं अंतर बघा. प्रतिक्रियेला दोन सेकंद आणि प्रवाशांना फार धक्का न बसेल असा ब्रेक, म्हणजे दर सेकंदाला दीड मीटर प्रतिसेकंद इतका वेग उतरणारा, धरून मी हिशोब केला. ३० नॉटवरून थांबायला सुमारे ११० मीटर लागतात, २० वरून ५६ आणि १० वरून १९. ए३२० स्वतः साडेसदतीस मीटर लांब आहे. म्हणजे ३० नॉटवर तीन विमानांइतकी जागा पुढे मोकळी दिसायलाच हवी.

वळणात वेगाचा वर्ग लागतो, म्हणजे वेग दुप्पट तर बाजूचा ओढा चौपट, हे विसरलं की गडबड होते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणात १० नॉटला जो बाजूचा ओढा गुरुत्वाकर्षणाच्या नऊ टक्के असतो, तोच २० नॉटला छत्तीस टक्के होतो. पुढच्या चाकावर वजन थोडं असतं. टिलर, म्हणजे ते चाक वळवायची हाताची मूठ, जास्त फिरवला आणि वेग जास्त असला तर ते चाक वळायच्या ऐवजी घसरतं, आणि विमान चाक वळवूनही सरळच जात राहतं. पावसाळ्यात टॅक्सीवेवरचे रंगाचे पट्टे डांबरापेक्षा निसरडे होतात आणि पिवळी मध्यरेषा तर नेमकी पुढच्या चाकाखाली. अशा वेळी टिलर आणखी फिरवू नये, उलट थोडा सोडावा, वेग उतरू द्यावा, मग पकड येते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असतानाच लावायचा. आणि घट्ट वळणात पूर्ण थांबायचं नाही, नाहीतर परत हलायला थ्रस्ट जास्त लागतो.

इथवर वेग कमी ठेवणाऱ्यांची बाजू भक्कम दिसते. पण जमिनीवरचे मोठे अपघात पाहिले की चित्र बदलतं. ८ ऑक्टोबर २००१ ला मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक छोटं सेसना जेट चुकीच्या टॅक्सीवेवर वळलं आणि चालू धावपट्टीवर आलं. उड्डाण घेणारं एमडी-८७ त्यावर आदळलं. ११८ माणसं गेली. जमिनीवरचा रडार त्या वेळी सेवेत नव्हता. ते छोटं विमान आपण कुठे आहोत हेच चुकलं होतं, ते हळू चालत होतं की जोरात याने काही फरक पडला नसता. टोकियोच्या हानेदावर २ जानेवारी २०२४ ला तटरक्षक दलाचं विमान धावपट्टीवर उभं होतं आणि उतरणारं ए३५० त्याला धडकलं. मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले, छोट्यातले पाच गेले. उभ्या विमानाचा वेग शून्य असतो.

पंख घासण्याचे प्रकार वेगळ्या जातीचे. न्यूयॉर्कच्या जेएफके वर ११ एप्रिल २०११ ला ए३८० च्या डाव्या पंखाच्या टोकाने उभ्या असलेल्या छोट्या जेटची शेपटी धरली आणि ते विमान गर्रकन फिरलं. सुदैवाने कोणी जखमी झालं नाही. त्यानंतर अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी संस्था) ज्या मोठ्या विमानांत वैमानिकाला पंखाचं टोक सहज दिसत नाही, तिथे कॅमेऱ्यासारखी मदत बसवण्याची शिफारस केली. मार्च २०२४ मध्ये कोलकात्यातही धावपट्टीत शिरायची वाट पाहत उभ्या विमानाला दुसऱ्याचा पंख घासला. मध्यरेषेवर चाललोय म्हणजे पंख सुरक्षित, हे गृहीत तेव्हाच टिकतं, जेव्हा शेजारचं विमान त्याच्या जागेपर्यंत पूर्ण पुढे गेलेलं असतं. त्याचं शेपूट मागे लटकत असेल तर रेषा तुम्हाला वाचवत नाही. शंका आली की थांबायचं, पार्किंग ब्रेक लावायचा आणि टॉवरला सांगायचं. इंच इंच पुढे सरकून बघणं हा धोका आहे, कारण १० नॉटचा पंखही पत्रा फाडतो.

म्हणून माझं मत असं: वेग ठरवण्याआधी कॉकपिटमधल्या दोघांनाही पुढचं वळण, पुढचा होल्डिंग पॉइंट (धावपट्टीआधी थांबायची जागा) आणि कोणती धावपट्टी ओलांडायची आहे हे पाठ असलं पाहिजे, आणि दोघांचीही नजर बाहेर असली पाहिजे. तसं असेल, रस्ता सरळ, कोरडा आणि मोकळा असेल, तर ३० नॉटला माझा विरोध नाही. फर्स्ट ऑफिसर धावपट्टी बदलल्यामुळे कॉम्प्युटरमध्ये नवे आकडे भरत असेल तर मला १० सुद्धा जास्त वाटतात. तिथे थांबून काम उरकणं उत्तम, मागच्याला दोन मिनिटं थांबावं लागलं तरी. कंट्रोलरने लवकर ओलांडा म्हटलं तर धावपट्टी ओलांडताना रेंगाळू नये. पण ती सूचना धावपट्टीपुरतीच असते, पुढच्या वळणासाठी नसते. अमेरिकेत १९८१ पासून टॅक्सीच्या काळात कामाशिवायचं बोलणं बंद ठेवायचा नियम आहे. आपल्याकडच्या एसओपीतही तेच असतं, आणि वेगमर्यादेपेक्षा मी त्याला जास्त महत्त्व देतो.

प्रवासी म्हणून तुम्हाला वेग फारसा कळणार नाही, वळण कळेल. वळताना अंग बाजूला ढकललं गेलं, तर वैमानिक जोरात होता. आणि विमान गेटवर पूर्ण उभं राहून पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत उठू नका. पार्किंगमध्ये शिरताना वेग चालण्याइतका असतो, पण खालून हाताने इशारा करणाऱ्याने अचानक थांबवलं तर ब्रेक पूर्ण दाबला जातो, आणि उभा माणूस सीटच्या कडेवर आपटतो.