पोहता येत नाही, तरी समुद्रावर मलाच पाठवतायत!

प्रश्न: ताई, मी पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला शिकवतो. डिसेंबरात एसटीने अलिबागची सहल आहे, 42 पोरं आणि आम्ही चौघं. मला पोहता येत नाही, पण हेडसर म्हणतात तुम्ही तरुण आहात, पाण्याजवळ तुम्हीच थांबा. मागच्या वर्षी एक पोरगं वीस मिनिटं सापडलंच नाही, शेवटी बसमध्ये झोपलेलं निघालं, पण तोवर माझे हातपाय गळाले होते. नाही म्हणू का?

उत्तर: सर, नाही कशाला म्हणता, जा, फक्त अटी तुमच्या घाला. बुडणाऱ्या पोराला समुद्रातून ओढून आणणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमेलच असं नाही, तुमचं काम त्याला तिथपर्यंत जाऊच न देणं, आणि ते कोरड्या वाळूवर उभं राहूनही होतं.

मीपण जळगावकडे 28 वर्षं शिकवलंय. पाण्याला घाबरणाऱ्या पोरांची मला कधी काळजी वाटली नाही, काळजी असते ती गिरणेत नाहीतर मळ्यातल्या विहिरीत उड्या मारून शिकलेल्यांची. असाच एक 'मॅडम, माले पोहता येस' म्हणत सुसाट निघाला होता, कॉलर धरून मागे आणला तर दिवसभर रुसून बसला, जेवलापण नाही. आता त्याला काय सांगणार, विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं, समुद्राचं पायाखालची वाळू घेऊन मागे जातं. लाटांनी आलेलं पाणी बऱ्याचदा एका अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं आणि नेमक्या त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणजे आपल्यासारख्याला तीच जागा शांत वाटते आणि पोरं तिकडेच पळतात. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडला पुण्याच्या एका कॉलेजची 14 मुलं बुडून गेली, ती तर मोठी होती.

तारीख ठरवताना हेडसरांपुढे कॅलेंडर ठेवा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, ते दिवस टाळा, अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं. भरतीची वेळ काढायला कोकणातली जुनी युक्ती आहे, तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असली तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्याच्या सहाएक तास आधी ओहोटी. हा ढोबळ हिशोब झाला, तिथे गेल्यावर कोळी लोकांना विचाराच, विशेषतः अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यासाठी, कारण ओहोटीला चालत जाता येतं पण परतायला उशीर केला तर मधे पाणी भरतं. (किल्ल्यात गोड पाणी आहे ते पोरांना दाखवा, चारी बाजूंनी खारं आणि मधे गोड, याचं त्यांना समुद्रापेक्षा जास्त नवल वाटतं.)

पाण्यात एका वेळी दहाच पोरं, गुडघ्यापर्यंत, पंधरा मिनिटं. एक धडधाकट शिक्षक पोरांच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, तोंड पोरांकडे करून. तुम्ही वाळूवर शिट्टी घेऊन. शिट्टी वाजली की दहाही जणांनी आपापला हजेरी नंबर ओरडायचा, नुसती डोकी मोजू नका, दुसऱ्या शाळेची पोरं त्यात मिसळतात आणि मोजणी बरोबर येते! बाकीची 32 मॅडम आणि चौथ्या सरांकडे. तुमचा बसमध्ये झोपलेला भिडू असा नंबरावरून दोन मिनिटांत कळला असता. आणि मोबाईल खिशात. पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचे म्हणून पाण्याकडे पाठ करून उभे राहिलेले शिक्षक मी डोळ्यांनी बघितलेत, फार राग येतो.

अजून एक, बुडणारं पोरगं बहुतेक वेळा ओरडत नाही, श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही तर ओरडणार कुठून. डोकं मागे टाकलेलं, तोंड पाण्याच्या लेव्हलला, हाक मारली तर उत्तर नाही, असं दिसलं की तुम्ही उडी मारायची नाही. घरून पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन न्या, झाकण घट्ट लावून मुठीला लांब दोरी बांधा, तो फेका, पोराला धरायला लावा आणि ओढा. तोवर दुसऱ्याने जीवरक्षकाला हाक मारायची, 112 लावायचा. शाळेच्या मैदानावर आधी दोनचारदा फेकून बघा, पहिल्यांदा कॅन भलतीकडेच जातो, माझा हेडसरांच्या स्कूटरवर गेला होता.