पाल्मा: कॅथेड्रलमागच्या गल्ल्यांना एक सकाळ द्या

तुम्ही विचारलंय की स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या पाल्मा शहरात आईवडिलांसोबत दीड दिवस आहे, कॅथेड्रल झाल्यावर जुनं शहर फिरावं की समुद्रकिनारी जावं. माझं मत स्पष्ट आहे: किनारा सोडा.

कॅथेड्रलला, म्हणजे ला सेउला, सकाळी दार उघडताच जा. पूर्वेच्या भल्यामोठ्या गोल खिडकीतून ऊन आत येतं आणि खांबांवर रंग सांडतात. आतल्या फेरबदलांचं काम १९०४ ते १९१४ या काळात प्रसिद्ध वास्तुकार गाउदीकडे होतं. वेदीवरचं टांगतं छत्र त्याचंच. उजवीकडच्या प्रार्थनागृहात आजच्या काळातला कलाकार मिकेल बार्सेलो याने मातीची अख्खी भिंत घडवली आहे, मासे आणि पाव भिंतीतून बाहेर येताना दिसतात. काहींना ती तिथे विजोड वाटते, मला फार आवडते. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो, तेवढं बघून ठेवा. शेजारचा अल्मुदायना राजवाडा वेळ उरला तरच.

खरा वेळ द्यायचा तो मागच्या काल्य भागाला. ही मध्ययुगातली ज्यूंची वस्ती. मोंतेसिओन चर्चच्या आसपासच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की भर दुपारीही सावली मिळते, वडिलधाऱ्यांना चालायला बरं. इथल्याच ज्यू नकाशाकारांनी त्या काळचे उत्तमोत्तम सागरी नकाशे काढले. अब्राहम क्रेस्केसच्या नावावर असलेला १३७५ चा कॅटलान अ‍ॅटलास आज पॅरिसला आहे, आणि त्यात हिंदुस्थानच्या भागात चक्क आपली देवगिरी आहे! भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर बसून कुणीतरी दौलताबादचा किल्ला जगाच्या नकाशावर मांडला, हे मनात ठेवून त्या गल्ल्यांतून चाला. पुढे १३९१ मध्ये या वस्तीवर हल्ला झाला, १४३५ मध्ये उरलेल्यांना धर्म बदलावा लागला. तरी त्यांच्या वंशजांना पुढची कित्येक शतकं केवळ आडनावावरून वेगळं काढलं जाई. सांता एउलालिया चर्चजवळच्या अर्जेंतेरिया गल्लीत ही कुटुंबं सोनारकाम करत.

वाटेत जुन्या वाड्यांची लोखंडी फाटकं दिसतील. आतले चौक, कमानी, दगडी जिने बाहेरून पाहता येतात. आत माणसं राहतात, म्हणून आवाज बेताचा ठेवा. सांत फ्रान्सेस्क चर्चला जोडलेला खांबांचा चौक मात्र चुकवू नका, तत्त्वज्ञ रामोन युलची कबरही तिथल्या चर्चमध्येच आहे. अरब हमाम लहान आहे, दहा मिनिटांत होतो.

उरलेल्या अर्ध्या दिवसात बेलवेर किल्ला. चौदाव्या शतकातला, पूर्ण गोल, टेकडीवर पाइनच्या झाडीत. चढ बराच आहे, आईवडिलांसाठी टॅक्सीच करा.

आई शाकाहारी आहेत म्हणालात, तर एक आवर्जून सांगतो. प्रत्येक बेकरीत दिसणारी एन्साइमादा ही गोड गुंडाळी पारंपरिकरीत्या डुकराच्या चरबीत करतात. घेण्याआधी विचाराच.