खिशातला हात

पोरा,

रविवारी नाटकाच्या तालमीत बापाच्या प्रेताशी बोलत होतास, तेव्हा तुझा उजवा हात पँटच्या खिशात होता. वाक्यं चोख पाठ, आवाज खणखणीत. हात मात्र खानापूरच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाचा.

तिथंच बोललो असतो. पण रात्री तुमच्याकडं जेवायला आलो आणि तुला गेम खेळताना पाहिलं. पडद्यावरचा सोबती मेला, तशी कंट्रोलरवर तुझी बोटं थिजली. मी बघतोय हे कळल्यावर म्हणालास, "काय नाही ओ काका, डोळ्यात कचरा गेला." बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद. कचरा कुठला यायला!

तुला लाज वाटते, एवढंच. आपल्याकडं ती लवकर शिकवतात. मी सहावीत असताना आजी गेली, तेव्हा मामा म्हणाले, "बायकांसारखं काय रडायलास?" ते घशात बसलं ते बसलंच. पुढं एका जत्रेतल्या नाटकात रडू येईना, म्हणून ग्लिसरीन घातलं. जास्त झालं, समोरचं दिसेना. आईच्या पायाशी कोसळायचं ते सावकाराच्या पायाशी कोसळलो. लोक पोट धरून हसले.

म्हणून सांगतो, डोळ्यांच्या मागं लागू नकोस. नाट्यशास्त्रात सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं अंगावर आपसूक उमटणं, आठ: स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (कापरं), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). अश्रूंचा नंबर सातवा! क्रमाला तसा अर्थ नसेल, पण मला तो पटतो. त्या रात्री तुझी बोटं थिजली, तो स्तंभच की.

'शाकुंतला'चा चौथा अंक वाच. कण्वासारखा तपस्वी, पण शकुंतला सासरी निघाली तेव्हा आवरलेल्या आसवांनी कंठ दाटलाय हे तो स्वतःच बोलून दाखवतो. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक केले. तिथं बोलून भागेना की पद होतं. तुला पद नाही, तर निदान घसा दाबू नकोस. वाक्य तुटलं तर तुटू दे.

गेममधली माणसंही कुणाच्या तरी अंगातूनच येतात. खुणा लावलेला घट्ट पोशाख, चेहऱ्यासमोर धरलेला कॅमेरा डोक्यालाच बांधलेला, भोवती सेट म्हणावा असं काही नाही. २०१७ च्या 'हेलब्लेड'मधली सेनुआ केली ती मेलिना युर्गेन्सनं. ती गेम बनवणाऱ्या कंपनीतच व्हिडिओ एडिटर होती. चाचणीपुरती कॅमेऱ्यापुढं उभी केली, आणि शेवटी भूमिका तिलाच दिली. पुढं बाफ्टा हा ब्रिटनमधला मोठा पुरस्कारही मिळाला. (मला त्या खेळांनी डोकं दुखतं, ते वेगळं.)

बुधवारी येताना बिनखिशाची पँट घाल. आणि तो कंट्रोलर पिशवीत टाकून आण. प्रेताजवळ बसशील तेव्हा हातात धर. शनिवारी मी काढून घेईन.

तुझा,
काका