खाजणात तिवर वाढले की पाणी ओसरले?

प्रश्न : देवगड तालुक्यातील आमच्या खाडीकाठच्या खाजणाच्या (भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या जमिनीच्या) दोन उपग्रह-प्रतिमा मी संगणकावर पाहिल्या. पौर्णिमेच्या प्रतिमेत सर्वत्र पाणी आहे, तर पाचच दिवसांनंतरच्या प्रतिमेत तिथेच हिरवळ दिसते. यातील खरी कोणती? अशा प्रतिमांवरून दहा वर्षांत कांदळवन, म्हणजे तिवरांचे जंगल, वाढले की घटले हे सांगता येईल का? हिमालयातील बर्फही असाच मोजतात का?

उत्तर : दोन्ही प्रतिमा खऱ्या आहेत, बदलली आहे ती भरतीची वेळ. अशा प्रतिमा टिपणारे सेंटिनेल-२ उपग्रह कोकणावरून दर खेपेस सकाळी अकराच्या सुमारासच जातात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब येथे लावून पाहावा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. उपग्रहाला खाजण दिसते ते ऐन उधाणात. पुढच्या पंचमीला भरती पहाटे पावणेचारला होते, पावणेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी लागते आणि अकराला तिथेच चिखल व तिवरांची रोपे उघडी असतात. (खाडीत आत या वेळा थोड्या मागे पडतात.)

पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, पण पानाची आतली रचना निकट-अवरक्त (लाल रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे) किरण मोठ्या प्रमाणात परतवते. या दोन मापांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागले की उणे एक ते अधिक एक या दरम्यानचा वनस्पती निर्देशांक मिळतो. पाणी अवरक्त किरण जवळजवळ गिळून टाकते, त्यामुळे रोपे बुडाली की निर्देशांक असा घसरतो, जणू कोणी ती तोडलीच. म्हणून दहा वर्षांची तुलना करायची तर महिना तोच आणि भरतीची अवस्थाही तीच असलेल्या प्रतिमा निवडाव्यात. महिन्याचे महत्त्व सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, लगेच पटते: ऑक्टोबरात गवताने हिरवा असलेला कातळ फेब्रुवारीत उघडाबोडका दिसतो आणि त्याला वृक्षतोड समजणे ही हास्यास्पद चूक ठरेल. शिवाय या प्रतिमेतील एक चौकोन १० मीटरचा असतो. त्यात बांध, चिखल आणि दोन-चार झाडे एकत्र मिसळतात, तेव्हा क्षेत्र मोजावे, झाडे मोजू नयेत. सेंटिनेल-२ च्या आधीचे, म्हणजे २०१५ पूर्वीचे, पाहायचे असल्यास लँडसॅट उपग्रहांच्या ३० मीटरच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात.

पावसाळ्यात ढगांमुळे यातले काहीच दिसत नाही. तेव्हा उपग्रहावरील रडारचा उपयोग होतो, कारण त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि शांत पाणी त्या दुसरीकडे परावर्तित करत असल्याने काळे दिसते. मात्र आपल्या आखूड नद्यांचा पूर उपग्रहाची पुढची फेरी येईपर्यंत बहुधा ओसरून गेलेला असतो.

बर्फासाठी गणित तेच, पट्टे (किरणांचे तरंगलांबीनुसार पाडलेले भाग) वेगळे. बर्फ दृश्य प्रकाशात झळाळते, पण सुमारे १.६ मायक्रोमीटरच्या लघुतरंग-अवरक्त पट्ट्यात काळपट दिसते. पाण्याचे ढग दोन्हींत पांढरेच राहतात, म्हणून हिरवा आणि हा पट्टा घेऊन काढलेल्या निर्देशांकाने हिमाच्छादन ढगांपासून वेगळे काढता येते.