लिमिटेड एडिशन : दुकानदारांचे प्रश्न

दिवाळी जवळ आली की इंदूरच्या व्यापाऱ्यांकडून एकच गोंधळ निरनिराळ्या शब्दांत माझ्याकडे येतो: मोठ्या कंपन्या मोजकेच नग काढून गर्दी खेचतात, मग आपण का नाही? त्यांपैकी काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : भेटवस्तूंचे खास संच मोजकेच आले आहेत. एमआरपीपेक्षा जास्त दर लावावा का?

नाही. छापील किमतीवर एक रुपयाही घेता येत नाही.

प्रश्न : राजवाड्याजवळ आमचे साड्यांचे दुकान आहे. खास रंगात 40 महेश्वरी साड्या विणून घेतल्या आहेत. खपल्यास पुन्हा विणून घ्याव्यात का? एक स्नेही सुचवतात की माल शिल्लक असला तरी ‘शेवटचे पाच नग’ असे लिहावे.

स्नेह्यांचे ऐकू नका. ‘शेवटचे पाच’ हा फलक वर्षभर टांगलेली दुकाने माझ्या पाहण्यात आहेत आणि त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनी तो वाचणे केव्हाच सोडले आहे. ऑनलाइन विक्रीत अशी खोटी घाई निर्माण करणे 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक, म्हणजे ग्राहकाला फसवून खरेदीस भाग पाडणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे, आणि दिशाभूल करणारी जाहिरात, मग ती कोठेही असो, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण बंद करायला लावू शकते. पुन्हा विणण्याविषयी म्हणाल, तर 2018 साली रॉयल एनफील्डने पेगासस ही मोटारसायकल जगभरासाठी 1000, त्यांतील भारतासाठी 250 इतकीच काढली आणि भारतातील गाड्या 178 सेकंदांत संपल्या. परंतु सुमारे महिन्याभरानेच जवळपास तशाच रूपाची, एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेली आणि स्वस्त गाडी त्याच कंपनीने आणली, तेव्हा पेगासस घेणाऱ्यांपैकी काहींनी उघड निषेध केला. तेव्हा 40 म्हटले की 40च. प्रत्येक पदराला क्रमांकाची चिठ्ठी टाचा, तोच क्रमांक बिलावर व नोंदवहीत लिहा आणि पुढच्या खेपेस रंग व काठ दोन्ही बदला. विणकरानेही तोच नमुना दुसऱ्या दुकानाला देऊ नये, हे लेखी हवे; त्याचा मसुदा वकिलाकडून तपासून घ्या.

प्रश्न : मालाच्या नोंदणीसाठी आगाऊ रक्कम घेतली तर त्याच वेळी जीएसटी भरावा लागतो, असे ऐकले. खरे का?

ऐकीव माहितीवर कर भरू नये. मालाच्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर 2017 पासून तसा भरावा लागत नाही. सेवेचे नियम वेगळे आहेत. फॉल-पिको किंवा शिलाई जोडून देणार असाल, तर आधी सीएला विचारा.

प्रश्न : गर्दी आवरली नाही तर?

मार्च 2022 मध्ये स्वॉच आणि ओमेगा यांच्या संयुक्त घड्याळासाठी अनेक शहरांत इतकी झुंबड उडाली की काही दुकाने बंद करावी लागली, आणि गंमत म्हणजे ते घड्याळ लिमिटेड एडिशन नव्हतेच. माणशी एक नग ठेवा, आदल्या दिवशी टोकन वाटा आणि रांग रस्त्यावर येणार असेल तर पोलीस ठाण्याशी आधी बोला.

प्रश्न : फराळाच्या डब्यांवर प्रसिद्ध कार्टूनचे चित्र छापायचे आहे. छपाई पुढच्या आठवड्यात आहे.

लेखी परवान्याशिवाय छापू नका. परवाना एका आठवड्यात हाती येईल असे धरून चालू नका. छपाई आजच थांबवा आणि ट्रेडमार्कच्या वकिलाला भेटा.