रेफरल म्हणजे वशिलाच की, मॅडम!

‘लिंक्डइन खरंच उपयोगाचं आहे, का नुसताच गाजावाजा?’ नोकरीच्या वयातली बरीच मुलं-मुली माझ्यासमोर बसून हे विचारतात. कुणी म्हणतं, तिथं आपण नसलो तर कंपन्यांच्या लेखी आपण जन्मालाच आलो नाही. कुणी म्हणतं, तिथं गेलं की आपल्याशिवाय सगळ्यांचं मस्त चाललंय असं वाटतं. आईवडिलांचा प्रश्न सरळ असतो: हे नोकरीचं नाव घेऊन चाललेलं फेसबुकच की!

याचं उत्तर मी एका मुलाच्या निमित्तानं देते. त्याची परवानगी घेतली आहे. नाव देणार नाही, ओळख पटेल असे तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्याला वडील घेऊन आले. वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे धातू ओतून केलेल्या कास्टिंगचे वाढीव कंगोरे ग्राइंडरनं घासून काढायचं काम. तीस वर्षं त्या आवाजात काढल्यानं त्यांना कमी ऐकू येतं, आणि त्यामुळं ते बोलतात मोठ्यानं. “मॅडम, मेकॅनिकल केलंय ह्यानं. दोन वर्षं झाली. दिवसभर मोबाइल धरून बसतोय. इचारलं तर म्हणतोय, नोकरी शोधालोय. मोबाइलात नोकरी असती व्हय?” बाहेर बसलेल्या चौघांनी हे ऐकलं असणार. मुलानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

वडिलांना बाहेर बसवल्यावर दहा मिनिटं तो काही बोलला नाही. मग मोबाइल माझ्यापुढं सरकवला. प्रोफाइलच्या फोटोभोवती हिरवी कड होती, ‘ओपन टू वर्क’ची, म्हणजे ‘मी काम शोधतोय’ अशी खूण.

“ही लावली त्या दिवशी संध्याकाळी आत्तेभावाचा फोन आला पुण्यातनं. ‘अजून रिकामाच काय रे?’ म्हणाला. मी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी परत लावली. असं किती वेळा केलं असंल मी, मॅडम.”

ही खूण फक्त रिक्रूटरना दिसेल अशी ठेवता येते, हे त्याला माहीत नव्हतं. दोन मिनिटांत सेटिंग बदललं. पण जो माणूस हिरवी कड दिवसातनं दोनदा लावतो आणि काढतो, त्याचा प्रश्न सेटिंगचा नसतो.

मी त्याला एक वही करायला सांगितलं. जुनाच उपाय आहे, पण अजून चालतो. चौदा दिवस, ॲप उघडलं की वेळ लिहायची, कशासाठी उघडलं ते लिहायचं, आणि बंद केल्यावर मन कसं आहे ते एका शब्दात. दोन आठवड्यांनी वही आली. सकाळी 6:40, तोंड धुवायच्या आधी, ‘सहज’. मन: ‘जड’. दुपारी जेवताना, ‘कुणी प्रोफाइल बघितलं का ते बघायला’. मन: ‘काही नाही’. एका दिवशी अशा 31 नोंदी होत्या. रात्री 11:50 ची एक नोंद जरा मोठी होती: वर्गातल्या एकाला हिंजवडीत नवी नोकरी लागली, ‘थ्रिल्ड टू अनाउन्स’, चारशे लाइक. झोप नाही.

“हा वर्गात कसा होता?”

“असाइनमेंटा माझ्याच घ्यायचा की!”

मी विचारलं, त्याला या नोकरीआधी किती ठिकाणी नकार आला ते माहीत आहे का? नव्हतं. कसं असेल? आपल्या तालमींच्या भिंतीवर गदा खांद्यावर घेतलेल्यांचेच फोटो असतात. पाठ टेकलेल्याचा फोटो टांगलेली तालीम मी तरी अजून बघितलेली नाही. तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, “फीड म्हणजे तालमीची भिंत व्हय!”

माझं मत इथंच सांगून टाकते. लिंक्डइनमधला सगळ्यात जास्त बघितला जाणारा भाग हा फीड, म्हणजे उघडल्या उघडल्या समोर येणाऱ्या इतरांच्या पोस्ट, आणि नोकरी शोधणाऱ्याला सगळ्यात कमी उपयोगाचा भागही तोच. 2003 मध्ये हे सुरू झालं तेव्हा कामाच्या ओळखींची एक यादी एवढाच त्याचा जीव होता. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते 2,620 कोटी डॉलरना घेतलं. कमाई येते माणसं शोधणाऱ्या कंपन्यांकडून, जाहिरातींतून आणि प्रीमियमच्या वर्गणीतून. म्हणजे तुम्ही तिथं जितके रमाल तितकं त्यांचं बरं चालतं. त्यात पाप काही नाही, धंदा आहे. फक्त आपण गिऱ्हाईक आहोत का माल, हे अधूनमधून आठवावं. आणि एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी तर तिथं तासन्‌तास घालवायचं काही कारणच नाही. आयोग तुमचं प्रोफाइल बघत बसलेला नाही.

आता या मुलाची दुसरी गोष्ट. दोन महिन्यांत त्यानं 212 अर्ज केले होते, सगळे ‘ईझी अप्लाय’नं, म्हणजे दोन बटणं दाबून. नऊ ठिकाणांहून छापील नकार, बाकी काहीच नाही. एक फोन आला तो लबाडीचा निघाला: निवड झाली आहे, लॅपटॉपची अनामत 3,500 रुपये भरा. खिशात पैसे नव्हते म्हणून वाचला. (नोकरीसाठी कुणी आधी पैसे मागितले की फोन ठेवायचा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 ला कळवायचं.)

मला त्या 212 आकड्यापेक्षा दुसरंच काही टोचत होतं. मी विचारलं, “या दोन महिन्यांत एका तरी माणसाला तू तोंडानं म्हणालास का, मला काम पाहिजे म्हणून?”

बराच वेळ गेला. “न्हाई.”

असं कोणी नाहीच का? होतं. वडिलांबरोबर पूर्वी सुपरवायझर असलेले एक गृहस्थ आता शिरोलीतच स्वतःची छोटी फाउंड्री चालवतात. ‘पोराला पाठवून दे’ म्हणून त्यांनी दोनदा निरोप दिला होता. हा गेला नाही.

“तो वशिला झाला, मॅडम. मला माझ्या मार्कांवर पाहिजे.”

चांगलं आहे, म्हटलं. मग वहीत चार दिवस लिहिलंयस, ‘बंगळूरच्या अनोळखी माणसाला रेफरलसाठी मेसेज’, म्हणजे त्यानं त्याच्या कंपनीत तुझं नाव सुचवावं म्हणून, ते काय? त्यानं वही स्वतःकडं ओढली, ते पान वाचलं, खिडकीतनं बाहेर बघितलं. मग म्हणाला, “रेफरल म्हणजे वशिलाच की, मॅडम!”

आम्ही दोघंही हसलो, पण माझ्या मते त्या दिवशीचं खरं काम तिथं झालं. आमच्या पिढीनं वशिल्याला इतकं बदनाम करून ठेवलंय (आणि ते आमच्याच करणीनं) की सरळ मनाची मुलं आता साधं विचारायलाही लाजतात. लायकी नसताना दुसऱ्याच्या जागेवर बसवणं हा वशिला. ‘पोरगं बघा, पारखून घ्या’ असं सांगणं ही ओळख. बटण दाबून केलेल्या अर्जात तोंडावर नाही म्हणणारं कुणी नसतं, म्हणून ते सोपं. दिवसभर राबल्याचं समाधान मिळतं आणि नकार कानावर पडत नाही. मला लिंक्डइनचा धोका वाटतो तो हा. वेळ वाया जाण्याचं मी एवढं मनावर घेत नाही.

तरी तो त्या ओळखीच्या फाउंड्रीत का जात नाही, हे कळायला अजून दोन बैठका गेल्या. वशिला हे वरचं कारण होतं. आतलं कारण एका वाक्यात आलं, तेही दार उघडून निघता निघता. “चार वर्षं कर्ज काढून शिकलो ते त्या धुरळ्यात परत जायला नव्हं. पप्पांचे हात बघितलात काय तुम्ही?”

बघितले होते. तळव्यांना घट्टे आणि डाव्या मनगटावर भाजल्याचा पांढरा पट्टा. मी त्याला परत बसवलं. त्या मुलाला वडिलांची लाज नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मुलाला आपली लाज वाटते असाच वडिलांचा समज होता. त्याला भीती होती की आपण त्याच दारातनं आत गेलो, तर त्यांनी आपल्यासाठी घासलेली तीस वर्षं फुकट जातील. ही गोष्ट तो कुठल्याही प्रोफाइलवर लिहू शकत नव्हता. वडिलांनाही सांगू शकत नव्हता, कारण घरात सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं.

तो इंजिनिअर, त्याला पुरावा लागतो. म्हणून त्याला दोन अभ्यास सांगितले. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्ये मांडलं होतं की नोकरीची खबर बहुतेक वेळा जिवलगांकडून येत नाही, अर्धवट ओळखीच्या माणसांकडून येते. आपल्या जिवलगांना तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात खुद्द लिंक्डइनवरचा प्रयोग छापून आला. ‘पीपल यू मे नो’मध्ये कोणती नावं सुचवायची यात फरक करून पाच वर्षं, 2 कोटींहून जास्त लोकांवर तो चालला. (वापरणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. हे मला पटलेलं नाही, पण तो विषय वेगळा.) ग्रॅनोव्हेटरचं म्हणणं बरंचसं खरं निघालं: अगदी परका नाही आणि अगदी घरचा नाही, असा मधला माणूस नोकरीला जास्त उपयोगी पडतो. पण एक मेख होती. सॉफ्टवेअरसारख्या डिजिटल धंद्यांत सैल ओळखी कामाला येतात. जे धंदे तितके डिजिटल नाहीत तिथं घट्ट ओळखीच जास्त उपयोगी ठरतात.

त्यानं लगेच विचारलं, “मग फाउंड्री कशात धरायची?”

वाळू आणि वितळलेलं लोखंड, डिजिटल कसली? पण त्याला जायचं होतं कास्टिंग सिम्युलेशनमध्ये, म्हणजे साच्यात धातू कसा वाहील, कुठं पोकळी राहील हे ओतण्याआधी कॉम्प्युटरवर बघायचं काम. एक पाय इकडं, एक पाय तिकडं. म्हणून दोन्ही करायचं ठरलं.

मोबाइलवरनं ॲप काढलं. लॅपटॉपवर बुधवारी आणि रविवारी पाऊण तास, फीड न बघता. कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते, ती गाव आणि कामाप्रमाणं गाळता येते. माझ्या मते त्या सगळ्या पसाऱ्यात सोनं आहे ते इथं, आणि तिथं त्यानं दोन वर्षांत एकदाही बोट लावलं नव्हतं. कास्टिंगच्या कामात असलेले सहा सीनिअर सापडले. पहिला मसुदा ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम सीकिंग सुटेबल ऑपॉर्च्युनिटी’ असा होता. तो फाडला. दुसरा चार ओळींचा: मी तुमच्यानंतर दोन वर्षांनी त्याच कॉलेजात होतो. प्रोजेक्ट पंपाच्या केसिंगमधल्या ब्लोहोलवर (ओतताना वायूनं पडणाऱ्या पोकळीवर) केला. सिम्युलेशनकडं यायचंय. आधी काय शिकू, एवढंच सांगाल का? नोकरीचा शब्द नाही.

सहापैकी दोघांनी उत्तर दिलं. पुण्यातल्या एकानं नवव्या दिवशी फोनच केला. हा तेव्हा रंकाळ्यावर होता, बावीस मिनिटं उभ्यानं बोलला. सीनिअर म्हणाला, “शॉपवर सहा महिने काढल्याशिवाय सिम्युलेशनला कोण घेत नाही, भावा. वाळू हातात धरलीस काय कधी? तुझ्या गावात एवढ्या फाउंड्र्या आहेत, जा की एकात!”

म्हणजे पुण्याच्या त्या अर्धवट ओळखीच्या माणसानं त्याला परत वडिलांच्या मित्राच्या दारात नेऊन सोडलं. मी तेच सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, शंकाच आहे.

तो गेला, वडिलांना न सांगता, एकटा. मालकांनी मार्कलिस्ट बाजूला ठेवून मोल्डिंगची वाळू मुठीत दाबायला लावली. ओल किती? हा म्हणाला, 6 टक्के. “6 टक्क्याला ब्लोहोलच हुतील लेका, 3 ते 4 असती.” आणि क्वालिटीत ट्रेनी म्हणून ठेवून घेतलं. पगार सांगण्यासारखा नाही. सिम्युलेशनचं शिकणं रात्री चालू आहे. सीनिअरला महिन्यातनं एकदा लिंक्डइनवरच मेसेज जातो, कास्टिंगचं रिजेक्शन कशानं आलं आणि काय केलं याचा.

शेवटच्या भेटीला आला तेव्हा नखांत काळी वाळू होती. वडील बाहेर बसले होते. मोबाइल पुढं करून म्हणाला, “मॅडम, हे टाकू का नको?” मसुदा होता: ‘थ्रिल्ड टू अनाउन्स’, आणि पुढं काहीच नाही. तीन दिवस तिथंच अडकला होता.

मी काही बोलायच्या आत बाहेरनं वडिलांचा आवाज आला. कुणाशी तरी फोनवर चाललं होतं. “व्हय व्हय, शिरोलीलाच! क्वालिटीत लागलाय. न्हाई न्हाई, म्या न्हाई सांगितलं कुणाला, त्याचा त्यो गेला!” खालच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू गेलं असणार.

“झाली की पोस्ट,” तो म्हणाला, आणि मोबाइल खिशात घातला.