लाइट गेली की खाली किती पाणी येतं?

प्रश्न : काका, नमस्कार. जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. दहा वर्षं गोड्या पाण्यातले मासे पाळल्यावर आता समुद्री रीफ टाकी, म्हणजे कोरलची (प्रवाळाची) टाकी करायचं ठरवलंय. टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काच कापायची ऑर्डर अजून दिलेली नाही. खाली चार फुटी संप (पाणी गाळून पंपाने वर पाठवणारी दुसरी टाकी) राहील. आमचे नेहमीचे प्लंबर म्हणतात, "एक भोक खाली पाणी जायला, एक पाइप वर यायला, मध्ये एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह) टाकू, लाइट गेली तरी पाणी परत येत नाही. आणि व्हॉल्व्ह सगळे पितळी घ्या, जन्मात बघायला नको." हे बरोबर आहे का? पाइप किती इंची घ्यावा? आणि आपल्या उन्हाळ्याचं काय करायचं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ऑर्डर दिलेली नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. प्लंबरचा राग धरू नका. घराच्या नळाला त्यांचं सगळं बरोबर आहे. पण त्यांनी सुचवलेल्या तीन गोष्टींपैकी एक, पितळ, तुमच्या टाकीचा जीव घेईल आणि बाकीच्या दोन खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी भांडण लावतील.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाईंगच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मेंटेनन्स बघितला. पाइप, पंप, सॉफ्टनर यांतच केस पांढरे झाले. तरीही माझ्या पहिल्या चार फुटी समुद्री टाकीला मी मोठ्या भरवशाने एनआरव्ही लावला होता. सहा महिने ठीक चाललं. मग मे महिन्यात एका रात्री लाइट गेली आणि पहाटे पाय पाण्यात पडला. व्हॉल्व्हच्या पडद्यात हरभऱ्याच्या डाळीएवढी एक गोगलगाय अडकली होती. पडदा पुरता मिटलाच नाही, आणि रिटर्नचं, म्हणजे पाणी वर आणणाऱ्या पाइपाचं, तोंड पाण्यात पाच इंच खोल असल्यामुळे सत्तर लिटर खारं पाणी उलट खाली आलं. घरातल्या चार चादरी जमिनीवर अंथरल्या. सोलापुरी चादर पाणी किती पिते ते त्या दिवशी कळलं. खाऱ्या पाण्याने त्या कडक झाल्या, तीनदा धुतल्यावर मऊ पडल्या. सौभाग्यवतींनी ते अजून विसरू दिलेलं नाही.

म्हणून प्लंबिंगचा कागद घेतलात की पहिलं गणित पंपाचं मांडू नका. पंप बंद पडल्यावर काय होतं ते आधी मांडा. तुमच्या टाकीचं तोंड बारा चौरस फुटांचं आहे, म्हणजे पाणी एक इंच उतरलं की २८ लिटर खाली येणार. संप चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि पंधरा इंच उंच धरू. स्किमरला (फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राला) आठ इंच पाणी ठेवलं, तर वर सात इंच मोकळे राहतात. त्यात जेमतेम १०० लिटर मावतात. रिटर्नचं तोंड चार इंच बुडालं असेल, तर लाइट गेल्यावर ११३ लिटर खाली येतील आणि तेरा लिटर तुमच्या फरशीवर. तेच तोंड एक-दीड इंचावर ठेवलं, तर फार तर बेचाळीस लिटर, पाइपातलं आणि ओव्हरफ्लोच्या डब्यातलं (वरच्या टाकीचं पाणी खाली जाण्याआधी ज्यात सांडतं त्यातलं) दहा-पंधरा लिटर धरूनही संपात चाळीसेक लिटरची जागा उरते. एवढाच हिशोब आहे आणि तो कुठल्याही व्हॉल्व्हवर अवलंबून नाही. रिटर्न पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोकही पाडा. पातळी तिथवर उतरली की पाइपात हवा शिरते आणि सायफन, म्हणजे भरल्या पाइपातून पाण्याची आपोआप ओढ, तुटतो. पण त्या भोकात शेवाळ बसतं, दर महिन्याला काडी घालून मोकळं करावं लागतं. म्हणून भोक असलं तरी भरवसा तोंडाच्या उंचीवरच ठेवा. एनआरव्ही लावूच नका. लावला की माणूस निर्धास्त होतो, तेच वाईट.

आता खाली येणाऱ्या पाण्याचं. एक भोक कधीच पुरत नाही, तीन पाडा. काच साधी असली पाहिजे, टफन केलेल्या काचेला भोक पाडायला गेलात की तिचा चुरा होतो. हे ऑर्डर देतानाच सांगा. मागच्या बाजूला ओव्हरफ्लोचा डबा, त्यात तीन पाइप, सव्वा इंची. पहिला पूर्ण पाण्याने भरून वाहतो, त्यात हवा नाही, म्हणून आवाज नाही. त्याला संपाजवळ एक व्हॉल्व्ह लावायचा आणि तो इतकाच मिटवायचा की थोडंसं पाणी दुसऱ्या पाइपातून झिरपत राहील. दुसऱ्याच्या माथ्यावर हवेची बारीक नळी असते. पहिला तुंबला की डब्यातलं पाणी चढतं, ती नळी बुडते आणि दुसरा पाइपही सायफन होऊन सगळं ओढून नेतो. तिसरा सर्वांत उंच आणि कोरडा. तो आयुष्यभर कोरडा राहिला तरी पैसे वसूल झाले असं समजा. हौशी मंडळी या मांडणीला बीनअॅनिमल म्हणतात. एक बारकी गोष्ट नेहमी चुकते : पहिल्या पाइपाचं खालचं टोक संपाच्या पाण्यात इंचभरच बुडवा. जास्त बुडवलं तर सुरुवातीला पाइपातली हवा बाहेर पडत नाही, सायफन पकडत नाही, आणि तुम्ही तासभर व्हॉल्व्हशी झटत बसता.

वर जाणारा पाइप एक इंची पुरे. संपातून तासाला पाण्याच्या तीन-चार फेऱ्या झाल्या तरी भागतं, म्हणजे वर पोचणारं पाणी तासाला अडीच ते तीन हजार लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाच फूट चढ आणि चार एल्बो झाले की तो बराच घसरतो, म्हणून पंप घेताना त्याचा हेडचा (किती उंचीवर किती पाणी, याचा) तक्ता बघा. कोरलना लागणारा जोरदार प्रवाह वर टाकीतच वेव्हमेकरने (पाणी हलवणाऱ्या छोट्या पंख्याने) द्यायचा असतो, तो पंपाकडून मागू नका.

पितळ मात्र अजिबात नको. पितळात तांबं असतं आणि अगदी थोड्या तांब्यानेही कोळंबी, गोगलगाय, कोरल सगळं मरतं. मासे तग धरतात, म्हणून दोष लवकर कळतही नाही. नुसते व्हॉल्व्ह बदलून भागणार नाही. सीपीव्हीसीच्या ज्या एल्बोत आट्यांसाठी पितळेची रिंग बसवलेली असते, तीही प्लंबरच्या पिशवीत असते. ती हळूच लागून जाते. सगळं यूपीव्हीसी, आटेसुद्धा प्लास्टिकचे. पंपाच्या दोन्ही बाजूंना आणि प्रत्येक व्हॉल्व्हजवळ युनियन (हाताने खोलता येणारा जोड) टाका, नाहीतर पंप धुवायला काढताना करवत घ्यावी लागेल. भोकातल्या टाकी कनेक्टरला रबरी वॉशर एकच, कॉलरच्या बाजूला. हाताने आवळा, वर पाव फेरा. पान्याने जोर लावलात की काच तडकते. त्या वॉशरवर सिलिकॉन फासू नका. प्लंबर फासतोच, तेवढ्यापुरतं त्याच्याजवळ उभं राहायचं.

वजनाचं तुम्ही विचारलं नाही, पण पहिला मजला आहे म्हणून सांगतो. पाणी, काच, दगड, स्टँड आणि संप मिळून हजार किलोच्या वर जातं, आणि ते सगळं बारा चौरस फुटांवर. घराच्या स्लॅबचं डिझाइन साधारण चौरस मीटरला दोनशे किलो धरून केलेलं असतं. तुमचं त्याच्या जवळपास पाचपट भरतं. स्लॅब लगेच पडतो असं नाही, पण टाकी बीमवर, भिंतीला लागून ठेवायची. जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याची फी कोरलच्या एका तुकड्याएवढीच असेल.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ला जातो आणि बंद हॉलमधली टाकी ३२ अंशांच्या पुढे सरकते. कोरलच्या अंगातलं शेवाळ त्या उष्म्यात बाहेर पडतं आणि कोरल पांढरं फटक होतं. पाणी २५ ते २७ अंशांत हवं. सुदैवाने आपली हवा कोरडी. पाण्यावर दोन पंखे सोडले तरी तीन-चार अंश उतरतात. तुमच्याकडे प्रत्यक्षात सातशेच्या आसपास लिटर पाणी असेल. ते एक अंश थंड व्हायला सव्वा लिटरची वाफ व्हावी लागते. यावरून दिवसाला किती पाणी उडेल ते ओळखा. मे महिन्यात दहा-बारा लिटर सहज. वाफेबरोबर मीठ जात नाही, म्हणून भर घालायची ती नेहमी गोड्या आरओच्या पाण्याने. तीस लिटरचा कॅन आणि फ्लोटवर चालणारा छोटा पंप ठेवा. कॅन मुद्दाम लहान सांगतोय. फ्लोट अडकून अख्खा कॅन रिकामा झाला तरी संप भरून वाहत नाही आणि खारेपणा चारेक टक्केच उतरतो. आरओची नळी थेट संपात सोडून मोकळे होऊ नका.

घरच्या आरओला टीडीएस कंट्रोलर असेल, तर तो पूर्ण बंद करा. तो गाळलेल्या पाण्यात कच्चं पाणी मिसळतो. बोअरचं पाणी तर नकोच. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे आरओ घराच्या साठवणीच्या टाकीवरच चालवावा लागेल. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडतं. ते नालीत सोडलंत तर मला सांगू नका. आमच्याकडे त्यावर फरशी आणि गाडी निघते.

पंख्यांनी भागलं नाही तर चिलर घ्या, पण तो गॅलरीत ठेवा. हॉलमध्ये ठेवलात तर पाणी थंड करून तीच उष्णता तो पुन्हा खोलीत ओततो. आत टायटॅनियमची कॉइल हवी. एसीवाल्याला सांगून जुन्या कूलरची तांब्याची कॉइल पाण्यात सोडायची युक्ती कुणी सांगेल. पितळाबद्दल वर लिहिलंय ते पुन्हा वाचा. इन्व्हर्टरवर मात्र चिलर नको, पंपही नको. एक वेव्हमेकर लावा. पाणी हलत राहिलं की प्राणवायू मिळतो, आणि भारनियमनात जीव जातात ते आधी त्याच्या अभावी.

सोल्व्हंट सिमेंट चोवीस तास वाळू द्या. मग गोड्या पाण्याने टाकी भरून दोन दिवस चालवा. मीठ आत्ता नको. सातशे लिटरला पंचवीस किलो लागतं, ते गळक्या जोडात वाया का घालवायचं? या दोन दिवसांत मेन स्विच पाच वेळा बंद करा आणि दर वेळी संपाच्या काचेवर स्केचपेनने पातळीची खूण करा. शेवटी पहिल्या पाइपाचं तोंड फडक्याने बंद करून बघा. दुसरा-तिसरा पाइप पाणी नेतोय ना? प्लंबर हसेल. हसू द्या.

प्रश्न : मुंबईतला एक विक्रेता फांद्यांचं हिरवं हार्ड कोरल सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पाठवतो म्हणतो. घ्यावं का?
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : आपल्या समुद्रातलं असेल तर नाही. रीफ बांधणारी सगळी कठीण कोरल, समुद्रपंखे, काळं कोरल हे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. "परदेशात पैदास केलेलं आहे" असं तो म्हणाला, तर कागद मागा आणि वनखात्याच्या कार्यालयात नोंदणीची चौकशी करा. पहिल्या वर्षी तसंही झोअँथिड, मशरूम, लेदर या मऊ कोरलवरच हात बसवावा. त्यांना उजेड कमी लागतो आणि ती आपल्या चुका सोसतात.

प्रश्न : मेहुणे रत्नागिरीला असतात. समुद्राचं पाणी कॅनमधून आणलं तर मिठाचा खर्च वाचेल का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ असतं आणि पावसाळ्यात नद्यांमुळे त्याचा खारेपणा खाली येतो. चारशे लिटरची टाकी भरायची तर वीस लिटरचे वीस कॅन झाले, आणि पाणी बदलायचं असतं दर महिन्याला. मेहुण्यांकडून हापूस मागवा.